कबाडीवाला यायच्या आत

वही उचलली तेव्हा तिचा पुठ्ठा बोटांना चिकटून सुटा झाला. आतली पानं मात्र धड होती. वर बायबलातल्या वचनाचा संदर्भ, खाली निळ्या शाईत आठ-दहा मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला दोन-चार शब्द, बोलणाऱ्याला आठवण व्हावी एवढेच. डाव्या समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, गावांची नावं आणि तारखा. एकच उपदेश पाच गावांत झालेला. चार गावांपुढे नुसती तारीख. पाचव्यापुढे तारीख आणि एक शब्द, ‘पानी’.

पाऊस आला म्हणून सभा मोडली, की पाऊस येईना म्हणून त्या दिवशी प्रार्थना झाली? महिना जुलैचा. धानाच्या मुलखात जुलैमध्ये दोन्ही होतं. ज्यांनी तो शब्द लिहिला ते पाळक जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या सभेला बसलेलं कुणी आता सापडेल असं वाटत नाही.

धमतरीच्या एका जुन्या घरातली ही गोष्ट. आम्ही रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. त्या घराशी ओळख वडिलांच्या नोकरीमुळे. ट्रंक पलंगाखाली होती. तीत अशा तीन वह्या, कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले मुद्दे, रबरबँड वितळून एकमेकांना चिकटलेली पत्रं, आणि एक छोटी डायरी. डायरीत सायकलच्या ट्यूबचा खर्च, कुणाच्या अंत्यविधीला गेलो, कुणाच्या घरचं भांडण मिटवलं. आंटी, म्हणजे त्या पाळकांच्या सूनबाई, चहा घेऊन आल्या. मी विचारलं, वह्या तीनच?

“और भी थीं बेटा. बहुत थीं. दीवाली की सफ़ाई में दे दिया. कबाड़ी आया था.”

कबाडी म्हणजे आपला रद्दीवाला. चाळीस वर्षांचे रविवार त्याच्या तराजूत गेले, किलोच्या भावानं. आंटींचा यात काडीचा दोष नाही. घरात दोन खोल्या, मुलगा भिलाईला, सून नोकरीला, वाळवी भिंतीत शिरलेली. ‘या वह्या ठेवा’ असं त्यांना कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ना चर्चच्या मंडळीनं, ना विद्यापीठानं, ना आमच्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यानं. मी स्वतः त्या घरी वीस वर्षं चहा पितोय, पण पलंगाखाली काय आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ते पाळक मेनोनाइट चर्चचे. ‘मेनोनाइट’ हा शब्द पुण्या-नागपूरच्या वाचकाला अनोळखी वाटेल, म्हणून थोडं सांगतो. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी ठरवलं की बाप्तिस्मा जाणत्या माणसानं आपणहून घ्यायचा, तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी घालून तो होत नाही. पुढे त्यांच्या परंपरेत शस्त्र न धरणं आणि शपथ न घेणं हेही पक्कं झालं. त्याबद्दल कॅथलिकांनी त्यांना जाळलं आणि प्रोटेस्टंटांनी बुडवलं. नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्स या धर्मोपदेशकावरून त्यांना नाव मिळालं. पुढची तीन-चार शतकं ते प्रशिया, रशिया, अमेरिका, कॅनडा असे सरकत राहिले.

छत्तीसगढात त्यांना आणलं दुष्काळानं. १८९६-९७ च्या ज्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि अनाथ मुलींना आधी पुण्याला, मग केडगावला घेऊन गेल्या, त्याच दुष्काळात अमेरिकेतल्या एल्खार्ट गावचा जॉर्ज लॅम्बर्ट १८९७ मध्ये मदत वाटायला भारतात आला होता. त्याच्या मागोमाग १८९९ मध्ये जेकब रेसलर आणि डॉ. विल्यम पेज व त्यांच्या पत्नी ॲलिस आले आणि त्यांनी धमतरीत बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोच छप्पन्न्याचा दुष्काळ आला आणि अनाथालयं भरली. रायपूर ते धमतरी छोटी लाइन सुरू झाली ती १९०० साली. तिकडे महानदीपलीकडे चांपा-जांजगीरकडे मेनोनाइटांचीच दुसरी शाखा त्याच सुमारास आली. पीटर पेनर यांनी चांप्याला १९०२ मध्ये सुरू केलेलं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय अजून चालू आहे. धमतरीचं ‘मिशन अस्पताल’ रायपूर-बस्तरकडच्या कुठल्याही घरात माहीत असतं. आमच्या ओळखीतली कितीतरी मंडळी तिथं जन्मली.

अनाथालयातली ती पोरं मोठी झाली, शिकली, मास्तर झाली, प्रचारक झाली, काही पाळक झाली. आंटींच्या ट्रंकेतल्या वह्या त्या वंशावळीतल्या.

आता मला सगळ्यात खुपणारी गोष्ट. धमतरीच्या मिशनऱ्यांनी आपल्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाला लिहिलेली पत्रं, वार्षिक अहवाल, फोटो, हिशेब, सगळं इंडियाना राज्यातल्या एल्खार्टच्या संग्रहालयात खोक्याखोक्यांत लावून ठेवलेलं आहे. २०१७ पर्यंत ते शेजारच्या गोशेनला होतं. चांपा शाखेचे कागद कॅन्ससमधल्या नॉर्थ न्यूटनच्या बेथेल कॉलेजात आहेत. प्रत्येक खोक्याला क्रमांक, प्रत्येक फाइलीची यादी. जॉन लॅप यांनी १९७२ मध्ये छापलेला ‘द मेनोनाइट चर्च इन इंडिया’ हा मोठा इतिहास या कागदांमुळेच उभा राहिला. ज्यांनी ते जपले त्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण त्या पत्रांत आपला पाळक कसा दिसतो? ‘आमचा एक विश्वासू देशी कार्यकर्ता’ म्हणून. कधी नाव असतं, कधी नसतं. तो काय बोलला ते क्वचितच असतं, कारण पत्र लिहिणाऱ्याला पैशांचा, आजारपणाचा, बाप्तिस्म्यांच्या आकड्यांचा हिशेब द्यायचा होता. मंडळीतून वर आलेले बिशप पी. जे. मलागर यांनी १९८१ मध्ये आपल्या चर्चचा इतिहास स्वतः लिहिला ही मोठी गोष्ट झाली. पण लिहिणाऱ्याला साधनं लागतात, आणि त्यातली अर्धी पलंगाखाली आहेत.

रायपूरच्या विद्यार्थ्याला धमतरीच्या खेड्यात १९३० साली रविवारी काय बोललं गेलं हे शोधायचं असेल तर त्यानं इंडियानाचं विमान पकडायचं, आणि तिथंही त्याला ते मिळणार नाही.

उपदेशच का, असं मला महाराष्ट्र मंडळाच्या एका बैठकीत विचारलं गेलं. विचारणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उपदेश बहुतेक कंटाळवाणे असतात, तेच ते दाखले, तेच ते वचन. कीर्तनकारांच्या वह्यांबद्दलही हेच म्हणता येईल. मीही ट्रंकेतल्या वह्यांमधली निम्मी पानं जांभया देत उलटली. पण ज्याला आपण ‘तेच ते’ म्हणतो त्यात एक बारीकसा फरक सारखा चाललेला असतो. जर्मन-इंग्रजीत वाढलेला एक विचार हिंदीत येतो, हिंदीतून छत्तीसगढीत उतरतो, आणि उतरताना तो ज्या गावात उभा आहे त्या गावाचा होतो. समासातली गावांची यादी बघा. दर गावी मुद्द्यांमध्ये एखादा शब्द खोडून दुसरा घातलेला दिसतो. का घातला? त्या खाडाखोडीचं उत्तर एल्खार्टच्या खोक्यात असायचं काही कारणच नाही.

एक उदाहरण घ्या. मिशननं १९०६ मध्ये धमतरीजवळचं बालोदगहान गाव विकत घेतलं. गाव विकत घेतलं म्हणजे मिशन तिथलं मालगुजार झालं. सारा वसूल करायचा, कुळं ठेवायची, पाटबंधाऱ्याचं बघायचं. मध्य प्रांतातल्या मराठी वाचकाला मालगुजार म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्यातलीही पुष्कळ घराणी मालगुजारच होती. ही पद्धत गेली १९५१ मध्ये. म्हणजे पंचेचाळीस वर्षं त्या गावात देऊळ कुणाचं आणि जमीन कुणाची, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच होतं. आता बायबलातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा आणि त्याच्या कुळांचा दाखला आठवा. खंड मागायला आलेल्या मालकाच्या नोकरांना कुळं मारतात, तो. हा दाखला बालोदगहानच्या चर्चमध्ये, समोर कुळं बसलेली असताना, स्वतः कुळाच्या घरात जन्मलेला पाळक कसा सांगत असेल? मालकाच्या बाजूनं? कुळांच्या? की चतुरपणे ते पानच उलटून पुढच्या अध्यायाला जात असेल? मला याचं उत्तर हवंय. छत्तीसगढच्या शेतीच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कुणालाही ते हवं असायला पाहिजे, मग तो ख्रिस्ती असो वा नसो.

तसंच कंडेलचं. १९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावात कालव्याच्या पाण्याच्या दंडावरून सत्याग्रह झाला. छत्तीसगढच्या शाळेत तो धडाच असतो. शस्त्र न धरणं हे ज्यांच्या पंथाचं चारशे वर्षांचं ब्रीद, त्यांच्या मंडळ्या त्याच तालुक्यात होत्या. सरकारनं मिशनवर राजकारणात न पडण्याचं बंधन घातलेलं. डोंगरावरच्या प्रवचनातली शत्रूवर प्रेम करायची शिकवण सांगताना हिंदी पाळकानं ‘अहिंसा’ हा शब्द वापरला का? वापरला तर कुठल्या वर्षापासून? एका शब्दाची तारीख. पण त्या तारखेवर एक प्रबंध उभा राहील.

आणि हे बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून बोलतो. १९५६ मध्ये नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीनं मध्य प्रदेशातल्या मिशनऱ्यांच्या कामावर अहवाल दिला, तेव्हापासून ‘हे लोक खेड्यात जाऊन काय सांगतात’ हा प्रश्न इथं तापलेलाच आहे. आज तर जास्तच. आरोप करणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही खरं काय सांगितलं गेलं हे दाखवायला कागद लागेल. कागद नसला की जो मोठ्यानं बोलेल त्याचं खरं. घरातल्या लोकांना नेमकी उलटी भीती वाटते हे मला माहीत आहे. वही बाहेर काढली आणि कुणी त्यातली एक ओळ उचलून फोटो पसरवला तर? भीती खोटी नाही. म्हणून कागद वाचवणं वेगळं आणि कागद सगळ्यांपुढे उघडणं वेगळं, हे आधीच ठरवून घ्यावं. कपाटात कुलूपबंद ठेवलेली वही पन्नास वर्षांनी उघडता येते. विकलेली उघडता येत नाही.

मराठी माणसाला हे सगळं शिकवावं लागू नये. वि. का. राजवाडे वाई, मिरज, कुठं कुठं वाड्यांच्या माळ्यांवर चढून दप्तरं उतरवत हिंडले. कुणी कागद चुलीत घातलेले, कुणी वाण्याला पुड्या बांधायला दिलेले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि बावीस खंड झाले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्या वेळीही लोक विचारत असतीलच, कारकुनाच्या यादीत काय ठेवलंय? त्या याद्या वाचूनच पेशवाईत पुण्यात भाजी कशी मिळत होती, हे आज आपण सांगतो.

ख्रिस्ती मराठीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कुठं सापडत नाही. छापील पुस्तक नाहीसं झालं, आणि ते टिकलं ते घराघरांत हातानं नकलून ठेवलेल्या वह्यांत. मंगळूरकडच्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या, त्यांवरूनच १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं. देवनागरीतली एक प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात धूळ खात होती ती पुढे जस्टिन ॲबट यांच्या हाती लागली. ज्या कुणी मंगळूरच्या आजीबाईनं ‘ही जुनी पोथी देऊन टाका’ म्हणण्याऐवजी ती कापडात बांधून फळीवर ठेवली, तिच्यामुळे मराठीला तो ग्रंथ मिळाला. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रायपूरपुरतं बोलायचं तर आमच्या घरचंच नाव आहे. माधवराव सप्रे मूळचे मराठी, १९०० मध्ये पेंड्ऱ्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच वारले. राजवाडेही त्याच वर्षी गेले. सप्र्यांच्या नावानं १९८४ मध्ये भोपाळला विजयदत्त श्रीधर यांनी वृत्तपत्रांचं संग्रहालय सुरू केलं. घरोघरी जाऊन जुनी वर्तमानपत्रं मागणं, हाच त्याचा पाया. रद्दी मागायला दारात आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, याची कल्पना मला आहे. आज त्या संग्रहालयात बसून लोक पीएचड्या करतात.

मेनोनाइटांच्या स्वतःच्या इतिहासातही एक ट्रंक आहे. रशियातल्या मोलोच्ना वसाहतीतल्या पीटर ब्राउन या शिक्षकानं क्रांतीच्या धामधुमीत आपल्या लोकांचे कागद गोळा केले. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारनं ते उचलून नेले. नष्ट झाले असंच सगळे समजून चालले होते. १९९० मध्ये ते ओडेसाच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले, सुमारे १,४०,००० पानं. त्या मंडळींत पाळकानं आपले उपदेश हातानं लिहायचे, मागच्या पानावर कुठं आणि कधी वाचला ते टिपायचं आणि बापाची वही मुलानं पुढं वापरायची, असा रिवाज होता. धमतरीच्या समासातली पेन्सिलीतली नावं बघताना मला ते आठवलं. हा रिवाज इथं शिकवला गेला की खेडोपाडी सायकल दामटणाऱ्या माणसाला आपोआप सुचला, कोण जाणे. एकाच गावात तोच उपदेश पुन्हा झाला तर लोक हसतील, एवढंही कारण पुरतं.

छत्तीसगढातच एका दुसऱ्या मिशनच्या प्रचारकांबाबत काय झालं ते सांगतो. १८६८ मध्ये ऑस्कर लोहर यांनी बिश्रामपूरला सुरू केलेल्या मिशनमधल्या देशी प्रचारकांच्या रोजनिश्या अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या वेबस्टर ग्रोव्ह्ज इथं राहिल्या. इतिहासकार सौरभ दुबे यांनी त्या वाचल्या, आणि बाजारात, पारावर, सतनामी वस्तीत प्रचारक काय बोलत, समोरचे काय उलटून बोलत, हे त्यांच्या लेखनात आलं. प्रचारक हा मिशनऱ्याची सावली नसून स्वतःच्या अकलेनं बोलणारा माणूस होता, हे कागद बोलल्यावर कळलं. त्या रोजनिश्या टिकल्या कारण त्या समुद्रापार गेल्या होत्या. इथं राहिलेल्या टिकल्या नाहीत. याची मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच मी हे लिहितोय.

आता काय करायचं ते. ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे त्यांना आधी सांगतो. घर धमतरीत असेल, रुद्रीला, चांप्याला, जगदीशपूरला असेल, किंवा नोकरीपाठी रायपूरच्या फ्लॅटमध्ये आलेलं असेल. दिवाळी-नाताळची सफाई निघाली की ट्रंकेला हात लावू नका. कागद जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. वाळवी भिंतीतून येते, कसर पुठ्ठ्यातून. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक दहा वर्षांत पान खाऊन टाकतो. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. आमच्या एका नातेवाइकांनी आजोबांची पत्रं कौतुकानं लॅमिनेट करून आणली, ती आता सोडवताही येत नाहीत आणि वाचताही येत नाहीत. उन्हात पसरायचा मोह टाळा, सावलीत वारा लागू द्या. ज्या क्रमानं वह्या ठेवल्या होत्या त्याच क्रमानं राहू द्या, तुम्हाला अस्ताव्यस्त वाटला तरी. ठेवणाऱ्याच्या मनात त्याचा काही हिशेब असतो.

मग एक कागद घ्या आणि पेन्सिलीनं लिहा: कुणाच्या वह्या, ते कुठं कुठं पाळक होते, किती वह्या, साधारण कुठल्या सालच्या. एवढी यादी झाली तरी अर्धं काम झालं. पाळकांची बायको, बहीण, ‘बायबल-बाई’ म्हणून खेड्यात बायकांत काम करणाऱ्या कुणाचे कागद असतील तर ते बाजूला टाकू नका. उलट ते आधी दाखवा. दुपारी अंगणात धान पाखडता पाखडता बायकांना काय सांगितलं गेलं, हे कुठल्याच मिशनऱ्याच्या पत्रात नाही. उद्या कुणाच्या आजीची वाणसामानाची वही निघाली तर मला उपदेशांच्या दहा वह्यांइतका आनंद होईल. कॅसेटी असतील तर त्यांची घाई सगळ्यात जास्त. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या टेपला बुरशी धरते, आणि ती वाजवायचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस रायपुरात आता शोधावा लागतो.

खाजगी गोष्टींचं काय, हे आंटींनीही विचारलं. पाळकाच्या डायरीत लोकांची पापं असतात. कुणाचं दारूचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाला मंडळीतून काढलं त्याचं. बरोबर आहे. अशा वह्या पाकिटात घाला, वर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहा, घरच्यांची सही घ्या. जगातले सगळे चांगले संग्रह हेच करतात. मिशन आणि चर्चचे कागद कसे जपावेत यावर मार्था स्मॉली आणि रोझमेरी सीटन यांनी २००३ मध्ये एक सोपी पुस्तिका केली आहे. तिचं नावच आपल्या लोकांची आठवण वाचवण्याबद्दल आहे. तिचं हिंदी कुणी करून दिलं तर मंडळ्यांना मोठा आधार होईल.

मंडळ्यांना माझी विनंती थोडी कडक आहे. मालमत्तेवरून, पदांवरून वाद चालतात आणि ते कोर्टातही जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, विवाहाचं रजिस्टर, परिषदेच्या सभांची इतिवृत्तं या भांडणात एका गटाच्या घरी जाऊन बसतात आणि मग परत येत नाहीत. निदान त्यांचे फोटो तरी दोन्हीकडे असू द्या.

आणि आपण मराठी मंडळी? आपण दोन कामं करू शकतो. एक, जागा आणि हात. रायपुरात निवृत्त बँकवाले, रेल्वेवाले, शिक्षक आपल्यात भरपूर आहेत. देवनागरी हस्ताक्षर डोळे मिटून वाचतील, यादी शिस्तीनं करतील. रविवारी संध्याकाळी तीन तास, एक टेबल, खिडकीचा उजेड, साधा मोबाइल. पान सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्यायचा, फ्लॅश नाही. बाजूला चिठ्ठीवर वहीचं नाव आणि पानाचा आकडा. प्रती तीन: एक घरच्यांकडे, एक मंडळीकडे, एक कुठल्या तरी ग्रंथालयात. मूळ वही घरचे म्हणतील तिथं.

दुसरं काम ओरडायचं. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा हस्तलिखित ७५ वर्षांचं तरी असावं असा त्यांचा नियम होता. म्हणजे १९४० च्या आतबाहेरच्या वह्या त्यात बसतात. १९७५ ची वही बसायला २०५० साल उजाडावं लागेल, तोवर ती राहायची नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. ते मूळ कागद देशाबाहेर नेत नाहीत, डिजिटल प्रती करतात. अर्ज करायला एक संस्था लागते. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या इतिहास विभागानं किंवा रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयानं अंगावर घेतलं तर ते व्हायला हरकत काय? हे संग्रहालय १८७५ पासून उभं आहे. दगडांचे देव त्यात भरपूर आहेत, कागदाच्या एका कपाटाला जागा निघेल. एल्खार्ट आणि नॉर्थ न्यूटनच्या लोकांनाही लिहायला हवं. शंभर वर्षं इथून तिकडे पत्रं गेली, तिकडच्या स्कॅन केलेल्या प्रती इकडे यायला आता पोस्टाची तिकिटंही लागत नाहीत.

मला घाई का झाली आहे ते सांगतो. ज्या पिढीनं या वह्या लिहिल्या ती गेली. जी पिढी त्यातलं अक्षर ओळखते, ‘हे बाबूजींचं, हे मास्टरजींचं’ म्हणू शकते, ती आता ऐंशीच्या घरात आहे. रायपूर-धमतरी छोटी लाइन रायपूर शहरातून उखडली गेली, तिच्यावर एक्सप्रेस-वे झाला. शेवटच्या फेऱ्यांचे शेकडो व्हिडिओ आमच्या मोबाइलमध्ये आहेत. त्याच गाडीनं ज्यांनी उपदेशाच्या वह्या पिशवीत घालून साठ वर्षं प्रवास केला त्यांच्याबद्दल दहा ओळी आमच्याकडे नाहीत.

हा लेख लिहायला बसलो त्याच्या आदल्या रात्री आंटींचा फोन आला. माळ्यावर धान्याच्या रिकाम्या कोठीत एक थैली मिळाली आहे, प्लास्टिकची. आत कागद आहेत, कॅसेटीही आहेत, आणि वरचा कागद उंदरांनी थोडा कुरतडलाय. त्यांनी हात लावलेला नाही.

“सुबह कबाड़ी आएगा, उसको बोल दिया है, नहीं देना है,” म्हणाल्या. “तुम इतवार को चर्च के बाद आ जाना.”

रविवारी मी आणि आमचे एक निवृत्त लायब्ररियन काका सकाळच्या बसनं निघणार आहोत. काकांनी सुती हातमोजे घेतलेत, मी पेन्सिली. आणखी एकाला बसायला जागा आहे.